खोली नंबर दोनच्या पाहुण्यांना

मार्चमध्येच या. पुढे शेवाळ किनाऱ्याला लागतं,
वास थेट उशीपर्यंत येतो.
बोटवाला कथबर्ट आठ म्हणाला तर साडेनऊ धरा.
मास्क घरून आणा, इथले गळतात.

कासव जेटीच्या डाव्या अंगाला, गवतात चरतं.
पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा ऐकू येतं म्हणे,
दाताखाली बर्फ फोडावा तसं.

म्हणे.
एकवीस वर्षं पाहुणे ओल्या केसांनी नाश्त्याला बसतात,
मी ब्रेडफ्रूट तळता तळता ऐकते
आणि पुढच्यांना सांगते.
माझा समुद्र घोट्याएवढा.

तुम्ही विचारलंत, मला स्वतःला तिथलं काय आवडतं.
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

एक मास्क जास्तीचा आणा, रुंद चेहऱ्याचा.
पैसे भाड्यातून वजा करा.

आयोनी