तात्पुरतं सिमेंट

खालची डावी, मागून दुसरी.
क्षेमकल्याणी मॅडमनी नस दाखवली
चिमट्याच्या टोकावर धरून :
एवढीशी, ओल्या लाल दोऱ्यासारखी.
फाटक्या पदराला रफू करायलाही पुरली नसती.
हिच्यासाठी अकरा रात्री?
मी विचारलं, पण निम्मा ओठ माझा नव्हता.
त्यांना वाटलं, मी पाणी मागतेय.

पवननगरपर्यंत रिक्षानं आले, मफलरमध्ये तोंड.
निफाडला पारा पाचवर, रिक्षावाला सांगत होता,
मण्यांना तडे जातील, मेव्हण्याचा दोन एकर बाग आहे.
मी मान हलवली.
तेवढीच काय ती माझ्या ताब्यात होती.

लेकाचा फोन : कशी आहेस?
"वी वरी आहे," म्हणाले.
म आणि ब, दोन ओठांची अक्षरं,
एका ओठाला झेपेनात.
तो हसला. मीही हसले,
आणि आरशात पाहिलं तर
जेवणाच्या सुट्टीतल्या सरकारी खिडकीसारखा
डावा गाल बंद.

संध्याकाळी मुंग्या आल्या, मग ओठ आला.
कॅप पुढच्या बुधवारी. तोवर हे सिमेंट तात्पुरतं,
चिवडा नको, सुपारी नको, त्या बाजूनं काहीच नको.
जिभेला कोण सांगणार?
नवा भाडेकरू आला की जिन्यात घुटमळणाऱ्या बाईसारखी
ती जाते, चाचपते,
लवंगेची चव घेऊन परत येते,
पुन्हा जाते.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून
खालच्या सुलक्षणाताईंनी मिसळ पाठवली.
तर्री वेगळ्या डब्यात, पाव कागदात.
झाकण उघडून वास घेतला नुसता, डोळे मिटून,
मग मऊ भात, तूप, मीठ,
उजवीकडून.
पन्नास वर्षं मी डावीकडूनच चावत आले
हे मला माहीतच नव्हतं.

त्या अकरा रात्री मी गॅलरीत फेऱ्या मारायचे
गालाला फ्रीजमधली बाटली लावून.
समोरच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
दुसाने उभे असायचे. प्रेसमधून रिटायर झालेले,
आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेले.
दिवा लावत नसत.
पहिल्या दोन रात्री आम्ही एकमेकांना
पाहिलंच नाही असं केलं.
तिसऱ्या रात्री त्यांनी हात वर केला.
मी बाटली वर केली.
मग रोजच, तीनच्या सुमाराला
कुत्री, एटीएमचा निळा दिवा आणि आम्ही दोघं.
त्यांचं काय दुखतं, विचारलं नाही.
रस्ता ओलांडून ओरडत विचारायची गोष्ट आहे का ती?

काल गोळी न घेता झोपले.
तरी तीनला जाग आली.
दाढेवर नखानं टकटक केली, आत कुणी नाही.
म्हणजे बरी आहे मी. म, ब, सगळं नीट.
आता कूस बदलायची की झालं.

उठले. शाल घेतली.
बाटलीची गरज नव्हती,
बाटली घेतली.

दुसाने होते.
मी बाटली वर केली.
त्यांनी जरा उशिरानं हात.
थंडी दातांत शिरत होती,
उजवीकडच्या सगळ्या, डावीकडच्या एक सोडून.
गालाला बाटली लावून
मी उभी राहिले तशीच,
दुधवाल्याची गाडी वळणावर दिसेपर्यंत.