पावणेतीन मीटर

साडेसहाला पूर्ण ओहोटी, असं सगुण गावडे म्हणाला होता,
म्हणून आम्ही सहालाच पाण्यात.
कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या वेळी रंग नसतो,
चिखलाचा वास असतो,
आणि कुठेतरी मानशीच्या फळ्यांतून
शेतातलं पाणी गळत असल्याचा आवाज.

कयाक म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकची शेंग.
पाणी मांडीच्या उंचीवर, हात सोडला की बोटं भिजतात.
मी हात सोडत नव्हते.
मांडीवर कॅमेरा, त्याच्या लेन्सचे नऊ हप्ते बाकी.
मी फोंड्याला लग्नं टिपते.
नवरीला म्हणते, हनुवटी जरा खाली, हां, श्वास सोडा.
इथे कुणाला काय सांगणार?

ऊन तिवरांवर चढलं तेव्हा सगुणने वल्ह्याने दाखवलं.
मला दिसेना.
मुळं दिसली, निवट्यांच्या उड्या,
कुणीतरी टाकलेला एक जुना टायर.
मग टायरने पापणी मिटली. आडवी,
दुकानाच्या सरकत्या काचेसारखी.

"मांगें," सगुण म्हणाला. मगर नाही म्हणाला.
भाऊबंदकीतल्या थोरल्या काकांचं नाव घेताना
आवाजात येतो तसा थोडा आदर,
थोडा हिशेब.

जबडा उघडा होता. रागाने नाही, भुकेनेही नाही,
अंगातली ऊब बाहेर सोडायला.
आत कापा फणसाच्या गऱ्यासारखं पिवळं.
पहिली फ्रेम पंधरा मीटरवरून,
मग दहा.
सात मीटरवर खवल्यांतला सुकलेला चिखल
पत्र्यावरच्या रंगासारखा उललेला.
पाचवर दिसलं, वरच्या ओळीत एक दात मोडका.
लग्नाच्या फोटोंत असलं काही मी पुसून देते,
न सांगता.

"हालूं नाका."
मी हलत नव्हते.
हलत होतं पाणी.
ओहोटी कधीच उलटली होती
आणि आम्हाला घेऊन भरती काठाकडे निघाली होती.

चिखलात वल्हं रोवायला सगुणला दोन श्वास लागले.
तेवढ्या वेळात लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे घरघरत राहिली,
काही धरता येईना तिला.
पावणेतीन मीटरच्या आतलं ती पाहत नाही.
खोक्यावर लिहिलेलं असतं ते.
मी वाचलंही होतं.

कॅमेरा खाली केला.
उभी बाहुली, सुरीच्या धारेएवढी.
तिच्यात पिवळं काहीतरी होतं, कयाक असावी.
मीही असेन,
शोधायला वेळ नव्हता.

मग त्याने पोट उचललं,
वामकुक्षीत पाहुणे आले की
खाटेवरून उठतात तसं, नाराजीने,
आणि आमच्या टोकाखालून ते पाण्यात गेलं.
कयाक हलली
ताटावर ताट ठेवावं एवढीच.
काठावर पोटाची एक गुळगुळीत वाट उरली
आणि तीत पाणी भरायला लागलं.

सगुण धक्क्यापर्यंत बोलला नाही.
पैसे मोजून घेतले, एक नोट परत दिली, फाटकी होती.
"अमावास्येला या," म्हणाला. "पौषातल्या."

गेले.
बांधावर त्याच्या आत्याने चिखलाचं मांगें थापलं होतं,
शेपटी शेताकडे, तोंड पाण्याकडे.
पाठीवर शिंपल्यांचे खवले, काटक्यांचे दात,
कपाळी कुंकू, जबड्यात अंडं.
बांध राख, माणसं राख, एवढंच मागणं.
ते मागताना कुणी हात फार वर नेले नाहीत.

वरच्या ओळीत एक काटकी कमी होती.
पडली का, मी विचारलं.
"आमचें तशेंच आसा," आत्या म्हणाली,
हाताचा चिखल लुगड्याला पुसत.
"काड गो फोटो. हें हालचें ना."

मी गुडघे टेकले.
डोळ्यांच्या जागी दोन कवड्या.
लेन्स घरघरली.
मी उठले,
आणि चार पावलं मागे सरले.