ठेवता येतं

सावद्याला, खताच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सात जणी यंत्राला वस्तू शिकवतो.
आधी नावं शिकवायचो. खुर्ची, बादली, फळी.
मग पुण्याहून निनाद सरांचा फोन आला,
नाव सोडा, काम लिहा.
बसता येतं. भरता येतं. ठेवता येतं.

मला हे लगेच जमलं.
आमच्याकडे कुठली वस्तू एका नावावर निभते?
तेलाचा पंधरा किलोचा डबा
उपडा घातला की काटेवाल्याची बैठक,
चुलीवर चढवला की अंघोळीचं पाणी,
तळ गेला की तुळस.
कपाशीच्या काड्या आधी कुंपण,
मग वांग्यांखालचा जाळ.
बडगी भरीत कुटायची, खरं,
पण तिच्यात मांजर व्यालेली मी पाहिली आहे.

यंत्राला हळूहळू कळू लागलं.
मोटारसायकलची टाकी बसायची,
पोर लहान असेल तर.

मंगळवारी केळीच्या वखारीतले फोटो आले.
ट्रकपाशी वाकलेला रुबाब तडवी,
खांद्यावर गोणपाटाची घडी,
घड अजून चढायचा होता.
यंत्राने त्या खांद्याभोवती हिरवी चौकट आखली,
माझ्याहून नीट, कडेला कड लावून.
ठेवता येतं. एक्क्याण्णव टक्के.

खाली दोन बटणं.
सरांना विचारलं.
तसं बघितलं तर बरोबरच आहे ना, म्हणाले.

तसं बघितलं तर
त्याच खांद्यावरून त्याची शबाना उरूस बघते.
म्हणजे बसताही येतं.
चहा पिऊन आले, पुन्हा पाहिलं,
आणि चूक दाबलं.
शेऱ्यात लिहिलं, हा दुखतो.
शेरे कोणी वाचत नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्र बिचकू लागलं.
फळीवर गोणपाट, एकोणचाळीस टक्के.
उपड्या डब्यावर गोणपाट, बावीस.
चुका वाढल्या म्हणून
माझी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

संध्याकाळी वखारीवरून जाताना
रुबाबमामा डब्यावरून उठला,
गोणपाट झटकून पुन्हा पसरलं.
"बस वं पोरी. मले काय, मी उभा राह्यतो."

मी बसले.
डबा अजून कोमट होता.