गाठीबाहेरची गाठ

लिमाच्या इस्पितळात, तळघरात,
मी फायली उघडते आणि रकाने भरते.
डॉक्टर सालिनासना दहा वर्षांचा हिशेब हवाय:
लिम्फोमा, पण लसीकाग्रंथींच्या बाहेर उगवलेला.
मानेत नाही, काखेत नाही, जांघेत नाही,
जिथे त्याचं घर, तिथे नाहीच.

मग कुठे?
जठरात, बरेचदा. त्यातला एक प्रकार तर
जंतू मारायच्या गोळ्यांनीच विरघळतो;
चिनी खानावळीतला आचारी, तेओफिलो वोंग,
दर नाताळला मला सोयासॉसची बाटली पाठवतो.
टॉन्सिलमध्ये. मांडीच्या हाडात.
डोळ्याच्या खोबणीत, माशाच्या कापासारखा गुलाबी.
मेंदूत: ती पानं मी भरभर उलटते.

नाकातला दुष्ट.
डोंगरातली माणसं सर्दी म्हणून अंगावर काढतात,
टाळूला भोक पडून
सूप नाकातून येईस्तोवर.

एर्मेनेहिल्दो काहुआना, आयाकुचो, वय एक्केचाळीस,
बटाटे पिकवतो. डावी नाकपुडी.
तक्रार काय, विचारलं.
दुभाषी पोरीनं केचुआतून सांगितलं, मी तसंच उतरवलं:
"माती ओली की कोरडी, नाकाला कळेनासं झालंय."
डॉक्टरांनी ते खोडलं. लिहिलं: घ्राणनाश.

किरणं पूर्ण. औषधाच्या तीन फेऱ्या.
चौथीला आला नाही.
शेवटच्या रकान्यात तीनच गोष्टी चालतात:
जिवंत, मृत, संपर्क तुटला.
मी तिसरी लिहिली.
असा माणूस त्या तारखेपर्यंत जगतो,
मग आलेखावर एक बारीक उभी रेघ होऊन
मुकाट बाहेर पडतो.

चार वर्षं झाली त्याला.
मंगळवारी खिडकीशी कुणी खाकरलं.
नाक एका बाजूला बसलेलं, आवाज मडक्यातून यावा तसा,
पाठीवर पोतं.
दाढ दुखते म्हणाला, वरची, डावीकडची.

दाढच असेल. नसेलही.
उद्या सकाळी आठला तपासतील.
मी खोडरबर शोधलं. शाईनं लिहिलेलं होतं.
वर पांढरा कागद चिकटवला: जिवंत. आजची तारीख.
डॉक्टरांचा आलेख आता पुन्हा काढावा लागणार,
लागू दे.

तोवर त्यानं पोत्याची गाठ सोडली,
मातीसकट एक बटाटा माझ्यापुढे धरला
आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं,
ओली आहे का?

मी नाक जवळ नेलं.