राखेचं कापड

एकोणिसाव्या खणात मोनाझाइट, चिमूटभर.
काकवीचा रंग, राळेची चकाकी,
आणि तळहातावर घेतलं की कळतं,
वाळू एवढी जड नसते.

सोलापूरचं नाही हे.
आपल्याकडं नुसता काळा पाषाण, थरावर थर.
हे दुसऱ्याच डोंगराच्या पोटातलं.
डोंगर झिजला, नदीनं समुद्राला दिलं,
लाटांनी हलकं तेवढं नेलं,
हे बसून राहिलं काठावर.
नावाचा अर्थ म्हणे एकटं राहणं.

मुलं उतरवून घेतात: सीरियम, लँथेनम, थोरियम.
मी खण पुसतो.

साखर पेठेतला राजलिंगूकाका
दिवसभर मागावर चादरी विणायचा,
गड्ड्याच्या यात्रेत रात्री भाड्यानं बत्त्या द्यायचा.
मेंटल बांधण्याआधी बोटांनी चाचपायचा,
"कच्चा हात आहे. इथं एक धागा सुटलाय."
मग काडी.

सूत जळायचं. वीण नाही.
थोरियमची राख, शंभरात एखादा भाग सीरियम,
टाका न् टाका जिथल्या तिथं
पांढराशुभ्र, ताठ,
सगळ्या पाळण्यांना पुरेल एवढा उजेड.
"श्वास आवर," म्हणायचा,
"फुंकरीनंसुद्धा जाईल."

"सर, ह्याचा उपयोग काय?"
मी सर नाही, खणांचा शिपाई.
"पुस्तकात आहे," म्हणतो,
आणि झाकण लावताना
श्वास आवरतो,
इथं उडून जाण्यासारखं काही नसलं तरी.