आगीची घट

सरकारी कागदात तिला 'आगीची घट' म्हणतात.
सुटी चांदी मुशीत वितळली की वजनाला कमी भरते;
ती तूट बादशहानं का सोसावी?
म्हणून शंभर ल्यांग साऱ्यावर
वीस ल्यांग वर.

मी चू गुआंगहे.
तालुका कचेरीच्या मागच्या अंगणात
एकतीस वर्षं भाता ओढला.
मला विचारलं असतं, तर सांगितलं असतं :
आग शंभराला दीड खाते.
मूस जुनी असेल, तर दोन.

कुणी विचारलं नाही.
माझं काम ओतायचं, आणि गार व्हायच्या आत
लगडीच्या पोटावर ठसा उमटवायचा :
तालुका, साल, महिना, कारागीर चू गुआंगहे.
हा मान नव्हे.
राजधानीत चांदी हिणकस निघाली
तर मान कुणाची धरायची, त्याची सोय.
माझं नाव असं शेकडो वेळा पेकिंगला जाऊन आलं नाही.
मी नदीच्या पलीकडेही गेलो नाही.

शरदात लोक यायचे.
भात विकून तांब्याच्या माळा आणायचे खांद्यावरून,
हजाराची माळ, मोजली तर नऊशे सत्तर.
पण साऱ्याला तांबं चालत नाही,
आणि नेमकी त्याच महिन्यात चांदी चढते.

चांदी तरी कुठकुठली!
बांगडीचा तुकडा, बाळाचं कुलूप,
समुद्रापलीकडची नाणी,
त्यांवर कुठल्याशा राजाचं लांब नाक.
आधी अक्षरं जायची, मग मुकुट,
नाक मात्र शेवटपर्यंत टिकायचं.
तिकडे डोंगर कोण पोखरतं, मला माहीत नाही.
त्यांच्याही वाट्याला काही घट आलीच असेल.

एका वर्षी लिआवांची विधवा सून आली.
केसातून काढलेला काटा, टोकाला वटवाघूळ,
आमच्याकडे ते शुभ.
कारकुनानं तोलला, म्हणाला, कमी पडतो.
एवढा साऱ्याचा, एवढा आगीचा.
ती म्हणाली, आग दाखवा.
काय?
ही जी खाते, ती.

मी बाजूला सरलो.
ती वाकून बघत राहिली, बराच वेळ,
भट्टीच्या तोंडाशी, गाल लाल होईतो.
मग म्हणाली,
"एवढीशी? माझ्या चुलीएवढं तर पोट हिचं."

कारकून हसला. पावती फाडली नाही.

पुढे फर्मान आलं. आगीची भूक ठरवून दिली,
जमेल त्यातून अंमलदारांना सचोटीचा भत्ता.
चार-पाच वर्षं बरी गेली.
मग हळूच तराजूची घट निघाली,
पोत्याची घट निघाली, वाटेची घट निघाली,
आणि कचेरीच्या छपरावर नवी हिरवी कौलं चढली.

गेल्या हिवाळ्यात भट्टी मोडून नवी बांधली.
जुन्या विटा मी कुटल्या, राख धुतली,
मुशींची खापरं पाट्यावर वाटली.
तळाशी मोहरीएवढे, तिळाएवढे मणी,
सगळे मिळून साडेचार ल्यांग.
म्हणजे आगीनं तेही खाल्लं नव्हतं,
नुसतं दाढेखाली धरलं होतं.

कारकुनाकडे घेऊन गेलो.
त्यानं वही चाळली, पुढून मागून.
'आगीनं परत केलं'
असा रकाना नव्हता.

ती चांदी अजून माझ्या बाहीत आहे.
तिच्यावर कुणाचंच नाव नाही.
लिआवांचं घर विचारत गेलो होतो;
तिथं आता दुसरंच कुणी राहतं.