कागद संपला आहे

कुओपिओत तीन वाजताच अंधारतं.
जिन्याखालच्या कपाटात, स्कीच्या बुटांशेजारी
प्रिंटर जागा होतो, घसा खाकरतो.
वरच्या मजल्यावरून इल्ताने काहीतरी पाठवलंय.
हल्ली ती खाली येत नाही, तिचे कागद येतात.

वेइक्को कॉफीचा मग ठेवून उठतो.
पहिलं पान कोमट.
भाडेकरार. रॉटरडॅम. एक फेब्रुवारीपासून.
तो ते उपडं ठेवतो,
कुणी बघत नसताना.

दुसरं पान फिकट. तिसऱ्यावर उभा पांढरा पट्टा,
नेमका तिच्या नावावरून गेलेला.
मग केशरी दिवा.

हे वायफाय त्यानेच बसवलं होतं,
भिंतीला एकही भोक न पाडता.
सगळं घर जोडलं म्हणाला होता, फुशारकीने.

तो टोनर बाहेर काढतो,
पाखडल्यासारखा आडवा हलवतो, पाच-सहा वेळा.
मनगटाला काळी पूड.
ट्रेमध्ये नवा गठ्ठा, कडा ठोकून सारख्या केलेल्या.
ओके दाबायचं तेवढं राहिलंय.
बोट बटणावर, आणि बूट वाळताहेत, थेंब थेंब.

"बाबा, येतंय का?"
वरून. कित्येक दिवसांनी हाक.

"फिकट आलंय," तो म्हणतो,
"थांब, पहिल्यापासून काढतो."